हळदीच्या शेडमधलं दुपारचं गाणं

मी निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या मार्केट यार्डाची स्मरणिका निघाली. तिच्यात मी खिल्लारे मापाड्यांवर एक विनोदी लेख लिहिला होता. लोकांना तो फार आवडला. दोन आडत्यांनी तर पान कापून गादीमागे चिकटवलं. त्या लेखाच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘माईक हातात आल्यावर खिल्लारे तिसऱ्या कडव्यात अडखळले, पण तेवढ्यात दोनची घंटा झाली आणि त्यांची अब्रू वाचली.’ हे वाक्य खोटं आहे. लिहितानाही ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पुढे कितीतरी वर्षं कुणी तो विषय काढला की मी चष्मा पुसायला घेत असे. आता चष्मा पुसूनही फारसं दिसत नाही, तेव्हा ही सवय सोडलेली बरी. म्हणून खिल्लारेंबद्दल पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

यार्ड आमच्याच हिंगोली जिल्ह्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसं अजून तिथंच आहेत. हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, हे आमचं मुख्य काम. मी बीट शाखेत कारकून होतो. घंटा वाजवणं आणि भोंग्यावरून पुकारा करणं माझ्याकडे. माझं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं, सगळ्यांसाठी मी घंटावाले साहेब.

खिल्लारे हळद डोळ्यांनी बघतच नसत. ढिगातून एक कांडी उचलायची, कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडायची आणि डोळे मिटून ऐकायचं. नीट शिजलेली, पुरती वाळलेली हळद पडली की खणकन वाजते. कच्ची राहिली असेल तर भद्द करते. हे यार्डात सगळ्यांनाच कळतं, पण खिल्लारे हीच परीक्षा माणसांना लावत. “रंगानं डोळा फसतो साहेब,” ते म्हणत, “कान न्हाई फसत.” एकदा एक बडे पाहुणे येऊन तासभर भाषण करून गेले. टाळ्या थांबल्यावर खिल्लारेंनी निकाल दिला, “पॉलिश बेस हाय. वाजत न्हाई.” लेकीसाठी मुलगा बघायला गेले तेव्हा शेती, नोकरी काही न विचारता मुलाच्या बापाला म्हणाले, “पोराला जरा हसाया लावा.” पोरगा घाबरून हसला. खिल्लारेंनी डोळे मिटले, मान डोलावली आणि बायकोला म्हणाले, “वाजतंय. उठ, चहा घे.” लग्न ठरलं. जावई खरंच चांगला निघाला, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांची बायको गयाबाई आमच्याच शेडमध्ये हळद निवडायला येत असे. कांडी एकीकडे, गट्टू म्हणजे गोल गड्डे एकीकडे. दहा-बारा बायका गोल करून बसत आणि दिवसभर हात चालवत. गयाबाई एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. पुढच्या हंगामात खिल्लारे माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“साहेब, एक ते दोन जेवणाची सुट्टी असती. तेवढा टाइम तुमचा भोंगा उपाशी बसतो.”

“मग?”

“त्याला कायतरी खाऊ घालू. यार्डात येनारं प्रत्येक माणूस गातंय. कोनी भजन, कोनी भीमगीत, कोनी कव्वाली. गुरुवारच्या गुरुवार दुपारचं गाणं करू.”

मला गाण्याची आवड होती. तरुणपणी मी संगीताची एक परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो होतो आणि हे मी बऱ्याच लोकांना बऱ्याच वेळा सांगितलेलं होतं. मी वरिष्ठांची परवानगी काढली. चैत्रातल्या एका गुरुवारी, हळदीच्या ढिगांमध्ये, पत्र्याखाली, दुपारचं गाणं सुरू झालं. ते दहा हंगाम चाललं.

नियम सगळे खिल्लारेंचे. उपाशी माणसाला गाऊ देत नसत. “उपाशी गळा खोटं बोलतो,” असं म्हणून आधी अर्धी भाकर खाऊ घालत, ठेच्यासकट, आणि मग गाणारा पाण्यासाठी तडफडत असताना त्याला माईकपुढे उभं करत. दुसरा नियम मोबाइलचा. गाणं सुरू होण्याआधी खिल्लारे एक घमेलं घेऊन सगळीकडे फिरत आणि प्रत्येकाचा फोन त्यात टाकायला लावत. मोठमोठे खरेदीदारसुद्धा मुकाट्यानं टाकत. एकानं विचारलं, “काहून? रेकॉर्ड केलं तर काय बिघडलं?” खिल्लारे म्हणाले, “रेकॉर्ड केलं की मानूस ऐकत न्हाई. घरी जाऊन ऐकू म्हनतो आन् घरी बी ऐकत न्हाई.” मध्येच घमेल्यात वीस फोन एकदम थरथरू लागत आणि त्यावर एखादं भजन छान रंगत असे.

स्वतः ते गाणाऱ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. गाणं संपलं की निकाल. चहावाले रहीमचाचा कव्वाली म्हणत तेव्हा खिल्लारे भिंतीलाच सांगत, “चाचा, एक नंबर कांडी!” एका व्यापाऱ्याचा भाचा पुण्याहून आला होता. मोबाइलवर वाद्यं वाजवून त्यावर त्यानं सिनेमातलं गाणं म्हटलं. त्या एका फोनला खिल्लारेंनी मोठ्या कष्टानं घमेल्यातून सूट दिली होती. गाणं झाल्यावर म्हणाले, “लेकरू गुणी हाय. पर हे शेतातनं थेट पॉलिशला आनलंय, मधी शिजवलंच न्हाई.” एक शेतकरी भजनाला उभा राहिला की बसायचं नावच घेत नसे. त्याच्यासाठी खिल्लारे काट्याच्या पारड्यात लोखंडी वजन धाडकन टाकत आणि ओरडत, “माप झालं, दादा!” यार्डातला माणूस या शब्दापुढे जात नाही. तो शेतकरी अर्ध्या ओळीत खाली बसे.

बायका सुरुवातीला लाजत. त्यांच्यामागे खिल्लारे फार लागत. कुठल्याही गावची बाई नवऱ्याबरोबर हळद घेऊन आली की हे विचारणार, “ताई, तुमच्याकडं निवडताना काय म्हनत्यात? म्हना की. अजून दुसरं? अजून?” कधी कधी तर त्या बाईचा नवरा संशयानं बघू लागे. मला वाटायचं, म्हातारा एकटा पडलाय, चार माणसांत जीव रमवतोय.

यादी माझ्याकडे असायची. तिच्यात शेवटचं नाव दर गुरुवारी तेच: खिल्लारे. त्यांचा नंबर कधीच लागत नसे. दोन वाजत, मी घंटा वाजवत असे, हमाल उठत, बीट सुरू होई. “राह्यलं,” म्हणून ते घमेल्यातले फोन वाटायला लागत.

आता माझी गोष्ट सांगायला हवी.

नवव्या हंगामात मी स्वतः गायलो. घरी पंधरा दिवस रियाज केला. बायको म्हणाली, “यार्डात गायचंय ना? मग एवढं कशाला?” मी मनावर घेतलं नाही. एक अभंग म्हटला, आलापांसकट, तानांसकट. म्हणताना मला स्वतःचा आवाज फार आवडला. संपल्यावर मी निकालाची वाट बघत उभा राहिलो. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या खिल्लारेंनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “साहेब, खोटं बोलू का खरं?”

दीडशे माणसांपुढे मी काय म्हणणार? म्हटलं, “खरं बोला.”

“तुमी गात न्हवता. परीक्षा देऊन राहिले व्हते.”

शेड हसली. हमाल हसले, खरेदीदार हसले, रहीमचाचांच्या हातातल्या कपबशा वाजल्या. खिल्लारेंनी मागे वळून घाईघाईनं सांगितलं, “तकलीफ करून घिऊ नका साहेब, पुढच्या टायमाला वाजंल बराबर.” त्यांच्या मनात काही नव्हतं. मला ते तेव्हाही कळलं होतं. पण पुढचा महिनाभर मी पुकारा करायला माईक उचलला की शेडमधून कुणीतरी ओरडायचं, “साहेब, पेपर सोपा हाय का?” मी हसत असे, आणि घरी गेल्यावर जेवण जात नसे.

दहाव्या हंगामात, वैशाखातल्या एका गुरुवारी, गाणारे कमी होते. दोनला दहा मिनिटं असतानाच यादी संपली. शेवटचं नाव उरलं. मी ते पुकारलं.

खिल्लारे उठले. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. कुणीतरी ओरडलं, “मापाडी, भाकर खाल्ली का आधी?” ते हसले नाहीत. माईक त्यांनी वजन धरावं तसा दोन्ही हातांनी धरला आणि सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं, लोकांकडे पाठ. मग सुरू केलं. आवाज फाटका होता, पण सुरात होता.

‘हात पिवळे झाले बाई, हळद न्हाई लग्नाची,
पोत्यापोत्यानं निवडली गं, जिनगानी ही कष्टाची.’

शेडमधला गलका थांबला. दुसरं कडवं:

‘लेकीनं लिव्हलं नाव माझं, पाटीवरती पांढरं,
बोट फिरवलं त्याच्यावरी गं, पिवळं झालं अक्षर.’

असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. माझ्या आतल्या परीक्षा पास झालेल्या माणसाला स्वच्छ कळलं की हे खणकन वाजतंय. आणि तेच मला सहन झालं नाही.

तिसरं कडवं लागलं तेव्हा मागच्या ढिगापाशी एक म्हातारी उठून उभी राहिली. पांढरे केस, हिरवं लुगडं. सकाळीच मी तिच्या मुलाची नोंद केली होती: कनेरगाव नाका, एक ट्रॅक्टर. तिनं एक हात कानावर ठेवला होता आणि तिचे ओठ हलत होते. खिल्लारेंच्या पाठोपाठ नव्हे. त्यांच्या एक शब्द पुढे.

माझ्या खोलीतल्या घड्याळात दोनला सात मिनिटं कमी होती. मी घंटा वाजवली.

यार्डात घंटा म्हणजे घंटा. ती झाल्यावर कुणी घड्याळ बघत नाही. हमाल उठले, खरेदीदार पहिल्या ढिगाकडे धावले, घमेल्याभोवती फोनसाठी झुंबड उडाली. म्हातारीला तिच्या मुलानं हाताला धरून ढिगाकडे नेलं. खिल्लारे भिंतीकडे तोंड करून अजून दोन ओळी म्हणत होते. माईक मी बंद केला होता. मग ते वळले, मोकळी झालेली शेड पाहिली आणि माईक माझ्या टेबलावर आणून ठेवला. “घंटा झाली म्हंजे झाली,” ते म्हणाले.

संध्याकाळी कुणीतरी मला विचारलं, मापाड्यांचं गाणं मध्येच का थांबलं? मी म्हणालो, “विसरले बहुतेक पुढचं.” बस, एवढंच. पण आठवड्याभरात यार्डात म्हणच पडली. अर्धवट राहिलेल्या कुठल्याही कामाला लोक ‘खिल्लारेचं गाणं’ म्हणू लागले. पुढच्या हंगामात खिल्लारे कामावर आले नाहीत, मुलाकडे शिरड शहापूरला राहायला गेले. त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि तो विनोदी लेख लिहिला.

दोन वर्षांपूर्वी एकदाचा धीर करून मी शिरड शहापूरला गेलो. रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो. खिल्लारे ओट्यावर बसले होते, वाळलेले. मला बघून धडपडत उठले.

“जय भीम साहेब! अगं, घंटावाले साहेब आले, चहा टाक. आन् बेसनाची पोळी कर.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “बारीक झाले तुमी. पेन्शन पुरत न्हाई का बायको वाढत न्हाई?”

सुनेनं चहा आणला. तिनं माझ्याबद्दल ऐकलेलं असावं. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, “मामा, ते रहीमचाचा मागं आलते, ते म्हनत व्हते का त्या दिवशी घंटा टायमाच्या आधीच झाली म्हनून.”

मी बशी खाली ठेवली. वाटलं, हीच वेळ.

“कोन म्हनतं?” खिल्लारे एकदम तापले. “चाचाला काय कळतं, त्याचं घड्याळ साखरेच्या डब्यात असतं! साहेब बसलेत समोर. या मानसाची घंटा बावीस सालात एकदा बी हुकली न्हाई. मीच उशिरा उठलो. दहा सालं उशीर केला.”

मी चहा प्यायलो. मग विचारलं, “खिल्लारे, ते गाणं कुणाचं?”

“गयाचं. तिनं जोडलं व्हतं, निवडता निवडता. पाच कडवे हायत. चार मला पाठ हायत, पाचवं न्हाई.”

“विसरलात?”

“विसरायला ऐकलं तर पायजे! पाचवं माझ्यावर व्हतं म्हने. मी काटा घिऊन जवळ गेलो की साऱ्या बाया खी-खी हसायच्या आन् गप. घरी इचारलं तर म्हनायची, शेडमधलं शेडमधी. सत्तावीस सालं संसार केला साहेब, एक शब्द सांगितला न्हाई. शिव्या दिल्या का कौतुक केलं, काय बी कळलं न्हाई.”

“मग बायकांना विचारायचं.”

“कोनाला? टोळ्या दर सालाला बदलायच्या, कोन कुठल्या गावची काय म्हाईत. आन् बायाचं गानं असं पुसून येत न्हाई. चाल लागली की आपसूक तोंडात येतं, न्हाई लागली तर मेलं तरी येत न्हाई. म्हनून तर तुमच्याकडं भोंगा मागितला. म्हनलं गावोगावच्या बाया येतील, एखादी म्हनंल. कोनीच म्हनलं न्हाई, तवा ठरवलं, आपनच लावायचं. चार आपन म्हनायचे, पाचवं कोनीतरी उचलंल. पर लाज वाटायची. बायकोचं गानं हमालापुढं म्हनायचं म्हंजे... शेवटी म्हनलं. कान देऊन व्हतो साहेब, मागं कोनी उचलतंय का म्हनून. कोनीच न्हाई उचललं. गेल्या असतील साऱ्या.”

मी पाणी मागितलं. सुनेनं आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावरही मी बोललो नाही. ज्या माणसाच्या घंटेवर त्यांचा एवढा विश्वास होता, तो माणूस त्यांच्या ओट्यावरून उठून निघून जाऊ नये असं मला वाटलं. म्हणजे त्यांच्या मनातला तो चोख माणूस मलाच सोडवत नव्हता.

एसटीपर्यंत ते मला सोडायला आले. काठी टेकत, नको म्हटलं तरी. कंडक्टरला दम दिला, “आमच्या साहेबाला खिडकी दे. मोठे अधिकारी हायत.” मी अधिकारी कधीच नव्हतो.

पुढच्याच आठवड्यात मी कनेरगाव नाक्याला गेलो. ठरवलं होतं, त्या म्हातारीला भेटायचं, पाचवं कडवं लिहून घ्यायचं आणि तो कागद आणि माफी दोन्ही एकदमच खिल्लारेंच्या हातात द्यायची. रिकाम्या हातानं माफी मागण्यापेक्षा ते बरं दिसलं असतं. धाब्यावर चौकशी करत घर सापडलं. मुलगा भेटला. आई, चंद्रभागाबाई, आदल्या उन्हाळ्यात वारली होती. मी विचारलं, “त्या हळद निवडताना एक गाणं म्हणायच्या, ‘हात पिवळे झाले बाई’. तुम्ही कधी ऐकलंत?”

त्यानं मलाच विचारलं, “आमच्या आईला गानं येत व्हतं?”

मग काय घेऊन जाणार, म्हणून मी शिरड शहापूरला गेलो नाही. पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. उन्हं कमी झाल्यावर जाऊ म्हटलं. थंडी सुरू झाली आणि रहीमचाचांचा फोन आला, खिल्लारे गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला यार्डातली पुष्कळ माणसं आली होती. वंदना झाली. मग खिल्लारेंच्या मुलानं माईक आणून माझ्या हातात दिला. म्हणाला, “बाबा तुमचा तो लेख सगळ्यांना वाचून दाखवायचे. साहेब, दोन शब्द बोला.”

म्हणजे खिल्लारेंना त्या लेखातलं शेवटचं वाक्य माहीत होतं. तेही ते वाचून दाखवत असणार.

मी उभा राहिलो. समोर दोनशे माणसं, सून, लेक, जावई. मी कांडी टाकून ऐकण्याचं सांगितलं, जावयाच्या हसण्याचं सांगितलं, घमेल्यातल्या फोनांचं सांगितलं. लोक रडता रडता हसले. लेक तोंडाला पदर लावून हसली. आता बोलायचं, आता बोलायचं, असं करत मी ‘जय भीम’ म्हणून खाली बसलो.

तिथे जे बोलायचं होतं ते एवढंच होतं:

खिल्लारे, त्या दिवशी तुम्ही अडखळला नव्हता आणि उशीरही केला नव्हता. दोन वाजायचे होते. तुम्ही चांगलं गात होता, ते मला बघवलं नाही, म्हणून मी घंटा आधी वाजवली आणि नंतर तुमच्यावर खोटं लिहिलं. आणि तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला दिसलं नाही, पण मागे कनेरगावच्या चंद्रभागाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना गाणं येत होतं. त्या उचलणार होत्या. माझं चुकलं, खिल्लारे. मला माफ करा.